द्राक्ष तोडल्यावर पिकत नाही

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार. पेपरला पत्र पाठवायची माझी ही पहिलीच वेळ, त्यामुळे कुठं लांबलं तर सांभाळून घ्या. मी मिरजेत राहते, ३४ वर्षं नर्स म्हणून ड्युटी केली, आता रिटायर होऊन सात वर्षं झाली. ख्रिस्ती आहे, आणि सध्या आमचे लेंटचे दिवस चालू आहेत, म्हणजे ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस, रविवार त्यात धरत नाहीत. या दिवसांत माणूस जरा स्वतःकडं बघायला लागतो, आणि तसं बघताना घाईबद्दल आणि धीराबद्दल जे दिसलं ते कुणाला तरी सांगावं असं मनात आलं म्हणून हे पत्र.

पंधरा दिवसांपूर्वीची गोष्ट. शेजारच्या काकूंचा गुडघा दाखवायला एका दवाखान्यात गेले होते. गर्दी नेहमीचीच, जतची माणसं, कवठेमहांकाळची, कर्नाटकातनं अथणीकडची, कुणी पहाटेच्या एसटीनं आलेलं, कुणी डबा घेऊन बसलेलं. टोकन ४१ चालू होतं आणि एक तिशीतला मुलगा काउंटरवर हात आपटत होता, त्याचं टोकन ४७. समोर बसलेली मुलगी नवीन, ट्रेनिंगमधली असावी, कॉम्प्युटर अडकला होता आणि ती बिचारी परत परत तेच बटण दाबत होती. त्यानं फाईल फेकली तिच्या अंगावर. कागद सगळे खाली. त्याची आई व्हीलचेअरवर बसलेली, तिला धड बोलता येत नव्हतं पण ती हातानं असू दे, असू दे करत होती आणि त्याचं तिच्याकडं लक्षच नव्हतं. मी कागद गोळा करून दिले. नंतर तोच मुलगा बाहेर चहाच्या गाड्यावर भेटला, मान खाली घालून म्हणाला, "काकी, अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून आलोय, दोनच्या आत कामावर पोचलो नाही तर आजचा पगार गेला." मला त्याचा रागच येईना मग. तो काही वाईट मुलगा नव्हता. त्याच्या मागं कुणीतरी घड्याळ घेऊन लागलंय, आणि तो त्या मुलीच्या मागं लागला, आणि ती मुलगी घरी जाऊन बहुतेक धाकट्या भावावर ओरडली असेल. घाई ही अशी एका हातातनं दुसऱ्या हातात जाते बघा, सर्दीसारखी.

त्याच आठवड्यात संध्याकाळच्या उपासनेत आमच्या पाळकसाहेबांनी बायबलमधल्या गलतीकरांच्या पत्रातला पाचवा अध्याय घेतला होता, आत्म्याचं फळ. प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, असं पुढं इंद्रियदमनापर्यंत. लहानपणी संडे स्कूलमध्ये आम्ही हे पाठ म्हणायचो, एका दमात, कोण आधी संपवतंय अशी शर्यत लावून. सहनशीलता हा शब्दसुद्धा आम्ही घाईघाईनं म्हणून टाकलेला. पाळकसाहेबांनी त्या दिवशी सांगितलं की मूळ ग्रीकमध्ये तिथं मक्रोथुमिया असा शब्द आहे, त्यात मक्रो म्हणजे लांब आणि थुमोस म्हणजे आतला राग, उसळी. म्हणजे ज्याचा राग यायला वेळ लागतो असा माणूस. आणि जुन्या करारात हिब्रूमध्ये तर याहून गंमत आहे, तिथं देवाचं वर्णन लांब नाकाचा असं केलंय, कारण त्या भाषेत नाक आणि राग दोन्हीला एकच शब्द. आपल्याकडं नाही का म्हणत, याचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर! तर देवाचं नाक लांब, राग शेंड्यापर्यंत पोचायला लई वेळ लागतो. आपल्या मराठी बायबलमध्ये त्याला फार सुंदर शब्द वापरलाय, मंदक्रोध. मी घरी येऊन स्तोत्र १०३ काढून वाचलं, आधी शेकडो वेळा वाचलेलं, पण मंदक्रोध या शब्दावर बोट ठेवून बसले बराच वेळ.

आता इथं एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण ती लिहिली नाही तर बाकीचं सगळं चुकीचं वाचलं जाईल. सहनशील हा शब्द आपल्याकडं बायकांच्या गळ्यात बांधलेला आहे. सोस बाई, तुझ्या आईनं सोसलं, तू पण सोस. मी बर्न्स वॉर्डला ड्युटी केलीय, साहेब. नव्वद टक्के भाजलेली मुलगी स्टोव्हचा भडका उडाला म्हणून सांगायची आणि दारात सासरची माणसं उभी असायची. त्या मुलींना वर्षानुवर्षं कुणी ना कुणी धीर धर म्हणूनच परत पाठवलेलं असायचं, त्यात चर्चला जाणारी माणसंसुद्धा होती हे मी कबूल करते. याला मी ख्रिस्ती सहनशीलता म्हणणार नाही, कधीच नाही. देव मंदक्रोध आहे म्हणजे ज्याच्या हातात ताकद आहे तो आपला राग आवरतोय. ज्याच्या हातात काहीच नाही त्याला गप्प बस म्हणणं ही वेगळी गोष्ट. वरच्यानं खालच्यासाठी थांबायचं असतं. काउंटरच्या अलीकडच्या माणसानं पलीकडच्या मुलीसाठी, मास्तरांनी पोरासाठी, सासूनं सुनेसाठी, मालकानं गड्यासाठी.

आणि धीर धरणं म्हणजे तोंड मिटून बसणंही नाही. बायबलमधल्या ईयोबाचंच बघा, सगळं गमावलेला माणूस, याकोबाच्या पत्रात त्याच्या धीराचा दाखला दिलाय, पण ईयोबाचं पुस्तक उघडलं तर पानंच्या पानं तो देवाशी भांडतोय, मित्रांशी भांडतोय, माझा दोष काय ते सांग म्हणतोय. स्तोत्रांमध्ये तर "कोठवर, प्रभू, कोठवर" हे किती वेळा येतं. ईयोब तक्रार करतो पण देवाला सोडून जात नाही. माझ्या ओळखीचे एक जतकडचे आजोबा होते, म्हैसाळ सिंचन योजनेच्या पाण्यासाठी त्यांच्या गावानं मोर्चे काढले, रस्त्यावर बसले, निवेदनं दिली, आणि एवढं करून दरवर्षी मृगाला रान पेरायचं काही सोडलं नाही, उगवो न उगवो. मला धीर म्हटलं की ते आजोबा आठवतात. याकोबानंही शेतकऱ्याचाच दाखला घेतलाय, पहिल्या पावसाची आणि शेवटच्या पावसाची वाट बघणाऱ्या शेतकऱ्याचा. वाट बघतो म्हणजे बांधावर झोपून राहत नाही, नांगरट, कुळवणी, भांगलण सगळं चालूच असतं.

आता माझ्याबद्दल. १९८१ साली मी ट्रेनिंगला होते, अठरा वर्षांची, हात चपळ, आणि त्या चपळपणाचं मला फार कौतुक होतं. बेड करायचे, टेंपरेचर घ्यायचं, इंजेक्शनच्या सिरिंजा उकळायच्या, सगळ्यात माझं आधी व्हायचं. वॉर्डात एक आजी होत्या, पॅरालिसिसचा झटका आलेला, उजवी बाजू गेलेली, तोंड वाकडं, जवळचं कुणी नाही. त्यांना पेज भरवायचं काम माझ्याकडं. मी भरभर चमचे घालत होते, एक गिळायच्या आत दुसरा, कारण मला पुढं आठ पेशंट होते. आजींना ठसका लागला. साधा नाही, श्वासनलिकेत गेलं, चेहरा काळानिळा, डोळे वर. वॉर्डच्या सिस्टर धावत आल्या, त्यांना पुढं वाकवलं, पाठीवर थापट्या मारल्या, सक्शन लावलं. वाचल्या आजी. मी भिंतीला टेकून थरथरत उभी.

मला वाटलं आता सिस्टर मला सगळ्यांसमोर झाडणार. त्या काहीच बोलल्या नाहीत. संध्याकाळी परत पेजेचा वाडगा घेऊन आल्या, मला शेजारी स्टुलावर बसवलं आणि म्हणाल्या, बघ. आजींना पाठीमागं उशा लावून ताठ बसवलं, हनुवटी किंचित खाली. पेज नेहमीपेक्षा घट्ट करून आणलेली, कारण पातळ असलं की चटकन चुकीच्या नळीत जातं. चमचा अर्धाच भरायचा, तोंडाच्या चांगल्या बाजूनं आत ठेवायचा. मग थांबायचं. घशाची घाटी वर जाऊन खाली आली की गिळलं, तोवर दुसरा चमचा वाडग्यातनं उचलायचासुद्धा नाही, कारण चमचा समोर दिसला की पेशंट घाबरून घाई करतो. मध्येच गालात अन्न साठून राहिलंय का ते बघायचं, त्या बाजूला त्यांना कळत नाही. एक वाडगा पेज, चाळीस मिनिटं. त्या चाळीस मिनिटांत सिस्टरनी एकदाही घड्याळाकडं बघितलं नाही, आणि वॉर्डात काय कामं थोडी होती त्यांना? शेवटी मला एवढंच म्हणाल्या, "चमचा तुझ्या हातात आहे गं, गिळणं त्यांच्या हातात आहे."

पुढची ३४ वर्षं हे वाक्य माझ्यासोबत होतं, तरी मी किती वेळा विसरले त्याला हिशोब नाही. घरी मुलांचा अभ्यास घेताना तर कायमच. सासूबाईंना शेवटी ऐकू येईनासं झालं होतं, तिसऱ्यांदा तेच सांगताना माझा आवाज चढायचा, आणि त्यांना शब्द ऐकू यायचे नाहीत पण चढलेला आवाज बरोबर कळायचा, चेहरा उतरायचा. ते मला अजून सलतं. पाळकसाहेबांनी त्या उपासनेत तर्तुल्यन म्हणून उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज शहरातल्या एका जुन्या ख्रिस्ती लेखकाचं सांगितलं, इसवी सन २०० च्या आसपासचा माणूस, धीर या गुणावर लिहायला बसला आणि सुरुवातीलाच कबूल करून मोकळा झाला की मी ज्याच्यावर लिहितोय ते माझ्याजवळच नाही. अठराशे वर्षांपूर्वी! मोबाईल नव्हता, टोकन नव्हतं, आणि तरी. तेव्हा ही नुसती आजच्या जमान्याची तक्रार आहे असं मला वाटत नाही, रोग जुनाच आहे, आज फक्त त्याला खतपाणी जास्त मिळतंय. निळी टिक आली आणि दोन मिनिटांत उत्तर आलं नाही की माणूस लगेच समजतो की मला टाळतोय. आमच्या तरुण संघातला एक मुलगा यूट्यूबवर मेसेज ऐकतो, म्हणजे प्रवचन, तेही डबल स्पीडवर. मी विचारलं अरे का, तर म्हणे आंटी, मुद्दा तेवढाच असतो ना. आता प्रार्थनाही तशीच व्हायला लागलीय. ठिकठिकाणी सभांचे फ्लेक्स लागतात, आजच या, आजच चमत्कार. देव बरं करतो यावर माझा पूर्ण विश्वास आहे, मी डोळ्यांनी बघितलंय. पण आजच्या आजच केलं पाहिजे असं देवाला वेळापत्रक लावून देणं हे मला पटत नाही.

टीबीच्या पेशंटनी मला हे फार शिकवलं. आमच्या इकडं वानलेसवाडी हे नाव ज्यांच्यावरून पडलं ते डॉ. वानलेस १८८९ साली भारतात आले, १८९४ साली मिरजेत दवाखाना उघडला आणि १९२८ पर्यंत इथं काम केलं. त्या वानलेसवाडीला टीबीचं सॅनेटोरियम होतं. स्ट्रेप्टोमायसिन निघालं १९४० च्या दशकात, त्याच्या आधी टीबीवर औषध असं नव्हतंच. मोकळी हवा, चांगलं खाणं आणि पडून राहणं, महिनोन्महिने, काहींना वर्षानुवर्षं. डॉक्टरांनाही थांबावं लागायचं. पेशंट हा शब्द आपण रोज तोंडात घेतो, तो मुळात लॅटिनमधल्या सोसणे या अर्थाच्या शब्दावरून आलाय हे ट्रेनिंगला असताना कुणीतरी सांगितलेलं, तेव्हा लक्ष दिलं नाही.

आज औषध आहे, फुकट आहे, सहा महिन्यांचा कोर्स आहे. पहिले दोन महिने चार औषधं, पुढं चार महिने तीन. आणि गंमत अशी की दोन महिन्यांत माणसाला बरं वाटायला लागतं, खोकला जातो, वजन वाढतं, भूक लागते. तिथंच घात होतो. बरं वाटलं म्हणून गोळ्या बंद, आणि मग काही महिन्यांनी तोच माणूस परत येतो आणि आता साधी औषधं त्याला लागू पडत नाहीत कारण उरलेले जंतू औषधाला निर्ढावलेले असतात. अशी माणसं मी किती बघितली. पहिल्या दोन महिन्यांत रोगच गोळ्या घ्यायला लावतो, खरा धीर लागतो पुढच्या चार महिन्यांत, काहीच दुखत नसताना रोज सकाळी ती गोळी गिळायला. देवाच्या बाबतीत पण माझं असंच झालंय. संकटात गुडघे टेकून प्रार्थना केली, संकट सरलं की गोळ्या बंद.

माझं माहेर तासगाव भागातलं, दादाचा द्राक्षाचा बाग आहे. गेल्या रविवारी उपासना झाल्यावर तिकडं गेले होते. सध्या माल काढायचं चाललंय, निम्मा व्यापाऱ्याला, निम्मा बेदाण्याला शेडवर. दादाला मी हे सगळं सांगत होते, आत्म्याचं फळ वगैरे, तो घड कापता कापता ऐकत होता. मग म्हणाला, ताई, एक सांगू का, आंबा कच्चा उतरवला तरी अढीत पिकतो, केळं पिकतं, पपई पिकते, चिक्कू पिकतो. द्राक्ष तोडल्यावर पिकत नाही. जेवढी साखर वेलीवर उतरली तेवढीच. एक दिवस आधी तोडलं तर एक दिवसाची साखर गेली ती गेलीच, नंतर कशात पण ठेव, आंबट ते आंबटच राहणार, वर सुकत जाणार.

मी त्याला म्हटलं, मग तुम्ही औषधं मारता ती कशाला? तर तो हसला. ऑक्टोबर छाटणी झाली की काडीच्या डोळ्यांना, म्हणजे जिथनं कोंब फुटतो तिथं, पेस्ट लावतात, हातात मोजे घालून, एकेक डोळा धरून, म्हणजे डोळे एकसारखे आणि लवकर फुटतात. जीएचं डिपिंग करतात, म्हणजे वाढीच्या औषधात घड बुडवतात, मण्याची फुगवण होते. म्हणे डोळा लवकर फोडता येतो, मणी फुगवता येतो, पण साखर काही ओतता येत नाही. ती पानातनं येते, उन्हातनं येते, आणि घड वेलीला लागून राहिला तरच येते. छाटणीपासून माल हातात यायला चार महिने लागतात ते लागतातच. आणि या चार महिन्यांत डावणी, भुरी असले रोग येतात, डिसेंबरात अवकाळी पाऊस येतो. रात्री ढग आले की दादा उठून बागेत जाऊन उभा राहतो, काय करू शकत नाही तरी जातो. वहिनी ओरडते, तो जातोच.

मी बांधावर बसले आणि मला योहानाचा पंधरावा अध्याय आठवला. प्रभू म्हणतो, मी वेल आहे, तुम्ही फाटे आहात, माझ्यामध्ये राहा. आयुष्यभर ऐकलेलं. पण त्या राहा या शब्दाबद्दल पाळकसाहेबांनी त्या दिवशी जे सांगितलेलं ते आता डोक्यात शिरलं. नव्या करारात धीर याला दुसरा एक ग्रीक शब्द आहे, हुपोमोने, रोमकरांच्या पत्रात संकटातनं धीर निर्माण होतो म्हटलंय तिथं हाच आहे. त्याचा अर्थ खाली राहणे, ओझं आलं तरी त्याच्याखालनं निघून न जाणे. आणि त्यातला राहणे हा जो धातू आहे तोच या योहानातल्या माझ्यामध्ये राहा मध्ये आहे. म्हणजे मी इतकी वर्षं दात-ओठ खाऊन, मनाला आवरून, मोठ्या कष्टानं सहनशील व्हायला बघत होते, घडानं स्वतःच्या जोरावर गोड व्हायचं ठरवल्यासारखं. मला रडायला आलं तिथं, दादाला वाटलं डोळ्यात काहीतरी गेलं.

लूकमधला तेराव्या अध्यायातला दाखलाही मग दादाशी बोलले. एका माणसाच्या द्राक्षमळ्यात अंजिराचं झाड असतं, तीन वर्षं फळ नाही, मालक म्हणतो तोडून टाक, उगाच जागा अडवतंय. माळी म्हणतो, मालक, अजून एक वर्ष राहू द्या, मी भोवतीनं खणतो, खत घालतो. दादाला हे फार आवडलं, कारण त्याला नुसतं राहू द्या हे पटलं नसतं, खणतो आणि खत घालतो हे पटलं. म्हणाला, माळ्यानं काम अंगावर घेतलं की. खरंय. आपण कुणाला तरी अजून थोडा वेळ देऊ म्हणतो तेव्हा तो वेळ त्या माणसानं एकट्यानं सुधारायचा असं धरून चालतो, आणि आपण बांधावर उभं राहून बघत बसतो सुधारतोय का. त्या काउंटरवरच्या मुलीला वेळ द्यायचा म्हणजे आधी तिचे कागद गोळा करायचे.

आपल्या साताऱ्याशी नातं असलेलं एक उदाहरण सांगितल्याशिवाय राहवत नाही. कवी रेव्हरंड ना. वा. टिळक, ज्यांनी १९१७ साली साताऱ्यात देवाचा दरबार नावाचा येशूभक्तांचा संघ सुरू केला, त्यांचा बाप्तिस्मा झाला, म्हणजे ते ख्रिस्ती झाले, १८९५ साली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना ते मान्य नव्हतं. घर मोडलं, माणसं तुटली, दोघं काही वर्षं एकमेकांपासून वेगळी राहिली. टिळक तापट होते हे सगळ्यांना माहीत आहे, घाई त्यांच्या रक्तातच, तरी या एका बाबतीत बायकोच्या मनावर त्यांनी जबरदस्ती केली नाही. लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला १९०० साली, स्वतःच्या मनानं, स्वतःच्या वेळेनं. आणि १९१९ साली टिळक वारले तेव्हा येशूच्या जीवनावरचं त्यांचं महाकाव्य अर्धवट राहिलेलं होतं, ते पुढं याच लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. मला नेहमी वाटतं, १८९५ साली ओढून-ताणून त्यांना आत आणलं असतं तर काय झालं असतं.

आता एक विनंती, त्याचसाठी खरं हे पत्र. आमच्या मंडळीतली काही तरुण मुलं या लेंटमध्ये काहीतरी सोडायचं ठरवत होती, कुणी चहा, कुणी मटण, कुणी इन्स्टाग्राम. मी त्यांना म्हटलं, सोडा की, पण त्या वाचलेल्या वेळाचं काय करणार? रविवारी दुपारी माझ्याबरोबर चला. ज्यांच्याजवळ बसायला कुणी नाही अशा म्हाताऱ्या पेशंटना भरवायचं. डॉक्टरांची, वॉर्डच्या सिस्टरांची परवानगी काढली, आणि आधी दोन संध्याकाळी आमच्या घरी मुलांना एकमेकांना भरवायला लावलं, ताठ बसवायचं कसं, अर्धा चमचा कसा, घाटीकडं कसं बघायचं. सगळ्याच पेशंटना असं भरवता येत नाही, काहींना नळीनंच द्यावं लागतं, ते आम्ही सिस्टरांना विचारूनच करतो, मनानं काही नाही. सांगली-मिरजेत अशा कितीतरी खाटा असतील, आणि भरवायला ख्रिस्तीच माणूस लागतं असं कुठं आहे? आपल्या वाचकांपैकी कुणाला आठवड्यातला एक तास देता आला तर आपापल्या जवळच्या दवाखान्यात, वृद्धाश्रमात आधी विचारा आणि जा, आणि घरातच असं कुणी असेल तर मग दुसरीकडं जायलाही नको. वाडगा संपेपर्यंत उठायचं नाही एवढंच ठरवून जा.

पहिल्या रविवारी पाच मुलं आली. त्यात तो डबल स्पीडवाला पण होता, १९ वर्षांचा, पाय सतत हलत असतो त्याचा. त्याच्याकडं एक आजोबा आले, मळणगावकडचे, झटक्यानंतर डावी बाजू गेलेली, मुगाच्या खिचडीचा घट्ट लगदा करून आणलेला. मी दुसऱ्या खाटेवरून बघत होते. पहिल्या पाच मिनिटांत त्यानं तीनदा माझ्याकडं बघितलं. त्याच्या खिशात फोन वाजला, मग परत वाजला, त्यानं डाव्या हातानं तो बंद केला, चमचा उजव्या हातात तसाच. नंतर त्याचा पाय हलायचा थांबला. तो आजोबांच्या गळ्याकडं असा बघत होता जसं मॅचचं शेवटचं षटक बघतात, आणि घाटी खाली आली की स्वतःच आवंढा गिळायचा. बत्तीस मिनिटं लागली. वाडगा संपल्यावर त्यानं ओल्या फडक्यानं त्यांची हनुवटी पुसली आणि उठायला लागला, तेवढ्यात आजोबांनी चांगल्या हातानं त्याचं मनगट धरलं आणि काहीतरी पुटपुटले. त्याला कळेना. त्यानं मला हाक मारली नाही, स्वतःच खाली वाकला, कान त्यांच्या तोंडाजवळ नेला, आणि म्हणाला, "आजोबा, परत सांगा, मला घाई नाही."

आपली एक वाचक,
निवृत्त परिचारिका, मिरज, जि. सांगली